मागेल त्याला काम : देवगाव फाट्यावरून एका कायद्याकडे पाहताना

जालन्याहून पूर्वेकडे निघालेला रस्ता वाटूर आणि मंठा ही गावे मागे टाकून परभणी जिल्ह्यात उतरतो आणि सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याशी येऊन दुभंगतो. एक वाट जिंतूरवरून औंढा नागनाथ व पुढे नांदेडकडे निघून जाते, दुसरी दक्षिणेस सेलू आणि पाथरीकडे वळते. फाट्यावर चहाची हॉटेले आहेत, खते-बियाण्यांची दुकाने आहेत, टायरला ठिगळ लावणारे आहेत, आणि एस. टी.ची वाट पाहणारी माणसे तर दिवसभर आहेतच. परंतु या ठिकाणाचे खरे रूप दसरा उलटल्यावर दिसते. कापसाची पहिली वेचणी घरात येते न येते तोच आसपासच्या वाड्यांतून आणि जिंतूरच्या डोंगराळ भागातील तांड्यांतून माणसे बाहेर पडू लागतात. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत ज्वारीच्या पिठाची गाठोडी, पत्र्याची पेटी, पाण्याचे हंडे, दोनचार कोंबड्या आणि चिंध्यांच्या झोळीत निजलेले तान्हे मूल, असा सारा संसार रचला जातो, आणि नवराबायकोची ती जोडी, जिला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून नोंदलेले असते, पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या उसाच्या फडाकडे रवाना होते.

ज्या राज्याच्या विधिमंडळाने, मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला त्याच्या गावाच्या आसपास काम देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे असे देशात सर्वांच्या आधी लिहून ठेवले, त्याच राज्यात हे दृश्य वर्षानुवर्षे दिसत राहावे, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे. तो कायदा व्यर्थ ठरला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. तो काय होता, त्याने काय साधले आणि त्याचा हात कोठे आखडला, हे नीट पाहिल्यावाचून रोजगाराविषयीच्या कोणत्याही नव्या घोषणेचे मोल आपल्याला ठरविता येणार नाही.

रोजगार वाढावा म्हणून महाराष्ट्राने जे कायदे केले त्यांचे दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह भांडवलाला बोलावणारा. राज्य स्थापन होऊन वर्ष-दोन वर्षे होत नाहीत तोच १९६१ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम संमत झाला, १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि जमीन संपादन करून, रस्ते-पाणी-वीज पुरवून ती कारखानदारांस भाडेपट्ट्याने देण्याचा परिपाठ सुरू झाला. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातच सारे उद्योग एकवटू नयेत या हेतूने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला विक्रीकरात व अन्य बाबतींत सवलत द्यावी, ही त्यामागची कल्पना. १९६६ साली कर्जपुरवठ्यासाठी ‘सिकॉम’ निघाली. त्या योजनेच्या सुधारित आवृत्त्या पुढे दशकामागून दशके निघत राहिल्या, तालुक्यांची ‘अ’पासून ‘ड’पर्यंत आणि त्याही पलीकडे ‘ड अधिक’ अशी प्रतवारी झाली, आणि जितका भाग मागास तितकी सवलत मोठी हे सूत्र कायम झाले.

या प्रवाहाने मराठवाड्यात काहीच पेरले नाही असे कोणी म्हणू नये. औरंगाबादेच्या चिकलठाणा आणि वाळूज या वसाहती त्याच धोरणाच्या आश्रयाने उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या शहराचा कायापालट केला. जालन्याने बियाण्यांच्या व पोलादाच्या धंद्यात नाव काढले, अर्थात त्यात बद्रीनारायण बारवाले यांच्यासारख्या उद्यमी पुरुषांचा वाटा सरकारी सवलतीहून मोठा होता. परंतु जालन्याच्या पुढे, याच रस्त्याने, जसजसे पूर्वेस यावे तसतशी धुराडी विरळ होत जातात आणि देवगाव फाट्याला पोहोचेपर्यंत सरकी काढण्याच्या जिनिंगखेरीज कारखाना म्हणावे असे फारसे दृष्टीस पडत नाही. सवलत ही कारखानदाराला मोह घालू शकते, त्याला बांधून घेऊ शकत नाही. बाजारपेठ, बंदर, कुशल कारागीर आणि खात्रीची वीज जेथे आहे तेथेच तो जाणार, आणि करमाफीच्या लोभाने त्याहून दूर जायचे झाले तरी दोन मुक्कामांपलीकडे जाणार नाही. परभणीस औद्योगिक वसाहत आहे. पण शेतमजुरांच्या या जिल्ह्याच्या मानाने तिने दिलेले काम अल्पच म्हणावे लागेल.

या अनुभवाची वेदना मराठवाड्याने मुकाट्याने सोसली असेही नाही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, जिल्ह्याच्या मुख्याधिकाऱ्याला येथे अव्वल तालुकदार म्हणत, दप्तर उर्दूत चाले, आणि महाराष्ट्रात सामील होताना आपल्याला न्याय्य वाटा मिळेल या विश्वासाने तो आला होता. १९७४ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील वसमत येथे नोकऱ्यांच्या प्रश्नावर विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, तरुणांचे प्राण गेले, आणि त्यातून मराठवाडा विकास आंदोलन पेटले. गोविंदभाई श्रॉफ यांनी पुढे कित्येक वर्षे हा प्रश्न आकडेवारीच्या आणि युक्तिवादाच्या भाषेत लढवला. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने दुसऱ्या वर्षी दिलेल्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक काढला. त्यात मराठवाड्याचा हिस्सा जवळपास साडेतेवीस टक्के होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ साली, संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदान्वये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत सरली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांचा हिशेब मांडणारी ही सारी खटपट आवश्यक होती. पण फाट्यावर उभ्या असलेल्या भूमिहीन बाईला उद्या सकाळी काम कोठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात नव्हते.

ते उत्तर दुसऱ्या प्रवाहाने दिले, आणि त्याचे श्रेय मुख्यतः एका माणसाला आहे. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या आसनावर बसणाऱ्याने सत्ताधारी आणि विरोधक यांच्या वादांपासून अलिप्त राहावे हा संकेत त्यांनी पाळला, परंतु दारिद्र्यापासून अलिप्त राहणे त्यांना मान्य नव्हते. खेड्यातील माणसाला काम करण्याची इच्छा आहे, अंगात बळ आहे, आणि गावाच्या शिवारात बांध घालणे, नाले अडवणे, तळी खोदणे, रस्ते करणे अशी न संपणारी कामेही पडून आहेत; मग या दोहोंची गाठ घालून देण्याची हमी सरकारने का घेऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९६५ च्या सुमारास त्यांच्याच भागात या विचाराचा लहानसा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना तो पटला, आणि १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली.

त्याच वर्षी पाऊस पडला नाही. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून कालगणनेच्या खुणेसारखा येतो. अमक्याचा जन्म दुष्काळाच्या आधीचा, तमकीचे लग्न दुष्काळाच्या सालचे, असे ती सांगतात. खडी फोडण्याची केंद्रे उघडली, कामावर सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. एवढ्या प्रचंड संकटात अन्नावाचून माणसे रस्तोरस्ती मरून पडली नाहीत, हे आपल्या प्रशासनाचे मोठे यश होते, आणि ते इतिहासाच्या कसोटीवर लावून पाहिले म्हणजे अधिकच मोठे वाटते. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १८७७ च्या दुष्काळात, इंग्रज सरकारने सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यावरून मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर राबवण्याचा हुकूम काढला होता. मुंबई इलाख्यातील मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. दुष्काळात काम मिळणे ही सरकारची दया, आणि ती किती करायची हे सरकार ठरवणार, असा तो काळ होता. पागे यांच्या योजनेने ही दया हक्कात बदलली, तिला दुष्काळाची अट ठेवली नाही, आणि सुकाळातही मजुराच्या घरी चार महिने दुष्काळच असतो हे सत्य मान्य केले.

१९७७ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यातील तरतुदी आज वाचल्या तरी त्यांच्या नेमकेपणाने मन प्रसन्न होते. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीच्या कामाची मागणी केली की पंधरा दिवसांच्या आत त्याला काम दिले पाहिजे. पुरेसे मजूर जमले की काम सुरू झाले पाहिजे. कामावर सावली, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि लेकरांना सांभाळण्याची व्यवस्था पाहिजे. आणि काम देता आले नाही तर बेकारीचा भत्ता दिला पाहिजे. हा भत्ता आरंभी दिवसाला अवघा एक रुपया होता. रक्कम क्षुद्र खरी. पण काम न देणे ही सरकारची कसूर आहे आणि तिची भरपाई खजिन्यातून झाली पाहिजे, हे तत्त्व त्या एका रुपयाने प्रस्थापित केले.

या कायद्याची सर्वांत दूरदर्शी बाजू मात्र त्याच्या पैशाच्या तरतुदीत आहे. कामाची हमी द्यायची तर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी वित्तमंत्र्याची मनधरणी करून चालणार नाही, हे ओळखून त्याकरिता स्वतंत्र निधी निर्माण केला गेला. १९७५ साली व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा कायदा झाला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटारवाहन कर, जमीन महसूल यांवर अधिभार आणि बागायती जमिनीवर विशेष आकार बसवला. आणि या मार्गाने जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. मुंबईतल्या बँकेत, पुण्यातल्या कारखान्यात किंवा औरंगाबादच्या शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, अशी वर्षाची अडीच हजारांची जी वजावट दिसते, ती हीच. आपल्या वेतनातून कापले जाणारे हे पैसे मुळात सेलू-जिंतूरच्या शिवारात बांध घालणाऱ्या हातांसाठी आहेत, हे त्या नोकरदारांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. शहराने खेड्याच्या श्रमाचा भार उचलावा, आणि तो दान म्हणून नव्हे तर कायद्याने ठरलेला कर म्हणून उचलावा, अशी सामाजिक बांधिलकी त्या काळी इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही राज्याने पत्करली नव्हती.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते जवळून पाहण्याजोगे आहे. पाझर तलावाचा पाया किंवा नाल्याचे खोलीकरण असेल तर मजुरांच्या टोळ्या पाडल्या जातात आणि प्रत्येक टोळीला खणण्यासाठी चौकोन आखून दिलेले असतात. पुरुष कुदळ मारतात, बाया घमेली भरून बांधावर माती टाकतात, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा मुद्दाम न खणता ठेवला जातो. मोजणी करणारा आला की त्या उंचवट्याला टेप लावून किती खोल खणले ते ठरवतो, मोजमापाच्या पुस्तकात आकडा चढवतो, आणि त्या आकड्यावरून दरपत्रकाप्रमाणे टोळीची मजुरी निघते. जमीन मुरमाड निघाली की तेवढाच घाम गाळूनही आकडा लहान भरतो. मोजणीची तारीख लांबली की मजुरी लांबते. मजुराच्या चुलीचे भवितव्य असे एका टेपेवर आणि एका पुस्तकावर अवलंबून असल्यामुळे, खोटी हजेरी, कागदोपत्री मजूर, अर्धवट सोडलेले रस्ते, हे या योजनेचे कुप्रसिद्ध रोगही याच जागी उत्पन्न झाले. विधिमंडळाने त्यावर देखरेखीसाठी दोन्ही सभागृहांची समिती नेमली, आणि ती जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघाली की तहसीलच्या दप्तरात धावपळ उडे.

दोष होते तरी योजनेने जे केले ते लहान नव्हते. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पुरुषाच्या बरोबरीची मजुरी, तीही गावातल्या जमीनदाराच्या मर्जीवर नव्हे तर सरकारी दरपत्रकावर, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात नवी होती. जवळच दुसरे काम उपलब्ध आहे हे ठाऊक झाल्यावर बागायतदारालाही शेतमजुरीचा दर वाढवणे भाग पडले. १९९०-९१ पासून फळबाग लागवडीची योजना रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्याला स्वतःच्या रानात कलमे लावण्यासाठी मजुरी मिळू लागली. आंबा, बोर, डाळिंब, संत्रा यांच्या महाराष्ट्रातील विस्तारामागे हा निर्णय आहे. त्याचा लाभ भूमिहीनापेक्षा जमीनवाल्याला अधिक झाला, ही टीका रास्त आहे. तरीही त्या बागांनी पुढे काम निर्माण केले हेही तितकेच खरे.

उतार १९८८ नंतर सुरू झाला. किमान वेतनाचे दर वाढले आणि योजनेची मजुरी त्यांच्याशी बांधली गेली. न्यायाच्या दृष्टीने हे उचित होते. परंतु खर्च वाढणार हे दिसताच नवी कामे मंजूर करण्यात प्रशासनाचा हात आखडला, मनुष्यदिवस घटले, आणि पुढे पुढे तर निधीत जमा होणारा पैसा खर्चापेक्षा अधिक होऊ लागला. व्यवसाय कर अव्याहत वसूल होत राहिला आणि ज्या कारणाकरिता तो बसवला ते कारण मागे पडत गेले. या एका गोष्टीबद्दल विधिमंडळाला दोष दिल्यावाचून राहवत नाही; ज्या सभागृहाने एकमताने वचन दिले त्यानेच त्या वचनाच्या पैशाचा जाब दरवर्षी मागायला हवा होता.

दरम्यान महाराष्ट्राचा विचार देशाने स्वीकारला. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. प्रत्येक कुटुंबाला वर्षातून शंभर दिवसांचे काम. २ फेब्रुवारी २००६ पासून आरंभी दोनशे जिल्ह्यांत तो लागू झाला, त्यात शेजारचे हिंगोली आणि नांदेड होते, परभणी नव्हते. १ एप्रिल २००८ पासून तो देशभर पसरला. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, म्हणून शंभरच्या पुढचे दिवस राज्याने आपल्या पैशाने द्यावेत असे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने त्या जागी नवा कायदा आणला; दिवस एकशे पंचवीस झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलावा लागणार आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाकाठी साठ दिवसांपर्यंत कामे थांबवता येणार. अशा वेळी राज्याचा स्वतःचा कायदा आणि स्वतःचा निधी यांचे महत्त्व कमी झालेले नाही, उलट वाढले आहे.

आता पुन्हा प्रश्न असा, की कायदा हाताशी असताना देवगाव फाट्यावरून कोयते का निघतात? याचे कारण आळस नव्हे, अज्ञानही नव्हे. मुकादम आणि सरकार या दोघांच्या वागण्यातील फरकात ते आहे. मुकादम पावसाळ्यातच घरी येतो आणि जोडीच्या हातावर उचल ठेवतो. त्या रोख रकमेतून मुलीचे लग्न होते, दवाखान्याचे देणे फिटते, खताची उधारी भागते. पुढे ती उचल फेडण्यासाठी पहाटे थंडीत फडात उतरावे लागते, मुलांची शाळा सुटते, बाईच्या शरीराचे हाल होतात, आणि हंगाम संपूनही कधीकधी देणे उरते. हे सारे त्या जोडीला आधीच ठाऊक असते. तरीही ती जाते, कारण सरकारी कामाची मजुरी घाम गाळल्यावर मोजणी होऊन, नोंद होऊन, बँकेत जमा होईपर्यंत येते, आणि ती कधी येईल याचा भरवसा नसतो. कामाची मागणी नमुना क्रमांक चारवर लेखी द्यावी लागते आणि तिची तारखेची पोच मिळाली तरच पंधरा दिवसांची मुदत मोजता येते. ती पोच देताना अनेक ग्रामपंचायतींत टाळाटाळ होते, आणि पोच नसेल तर भत्त्याचा हक्कही राहत नाही. कायद्याच्या साऱ्या बळाची नाडी त्या चिठ्ठीत आहे. ती अडवली गेली की अधिनियमाची उरलेली कलमे मजुराच्या उपयोगाची राहत नाहीत.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ झाले आहे आणि गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून त्यासाठी वर्गणी घेण्याचे ठरले, हे स्वागतार्हच. परंतु ते फडात गेलेल्या माणसाची काळजी वाहते. फडात जावेच लागू नये अशी सोय करणे हे हमी कायद्याचे काम आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. दसऱ्यापूर्वीच गावोगाव मागणी नोंदवून घ्यावी, हिवाळी कामांची मंजुरी पावसाळ्यातच पूर्ण करावी, आणि मजुराने काम सुरू करताच पहिल्या आठवड्याच्या मजुरीचा काही भाग अग्रिम म्हणून द्यावा. अग्रिम देण्यात जोखीम आहे खरी. पण मुकादम तीच जोखीम दरवर्षी पत्करतो, आणि सरकारचे बळ मुकादमाहून कितीतरी मोठे आहे. सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प उभा आहे, परभणीत १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, द्रुतगती मार्गासाठी जिल्ह्यातील जमिनी संपादित होत आहेत. पाणी, विद्या आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी आल्यावर कारखानेही येतील, आणि ते आलेच पाहिजेत. तोवरची वर्षे मात्र माणसांनी कशाच्या आधारे काढायची, हे ठरवण्याची जबाबदारी राज्याने १९७७ सालीच स्वतःच्या हाताने पत्करलेली आहे.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आलेले असेल. आपल्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी आपल्या पगारपत्रकातील व्यवसाय कराची ओळ एकदा पाहावी आणि आपल्या आमदाराला एक पोस्टकार्ड लिहावे : गेल्या वर्षी व्यवसाय कराचे किती रुपये जमा झाले, रोजगार हमीवर त्यांतले किती खर्च झाले, आणि परभणी जिल्ह्यात कामाच्या किती मागण्यांना तारखेची पोच दिली गेली, हे तीन प्रश्न त्यांनी सभागृहात विचारावेत.